बायपासनंतर सगळे छातीकडे बघतात, पायाकडे पण बघा: इन्फेक्शन होऊ नये म्हणून घरच्यांनी काय काय करायचं

आईची बायपास झाली मागच्या वर्षी श्रावणात, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये. वय ६४, डायबेटीस १८ वर्षांचा, वजन पण जरा जास्त. ती ठाण्याला कोपरीत राहते, मी ऐरोलीत, ताई पुण्याला, त्यामुळे हॉस्पिटलची धावपळ सगळी माझ्याकडे. ऑपरेशन छान झालं, आठव्या दिवशी घरी आलो, छातीची जखम एकदम कोरडी, आम्ही खूश. आणि गौरी जेवणाच्या दिवशी घरात पाहुणे असताना आई हळूच म्हणाली, "अगं, पोटरीला काहीतरी ओलं लागतंय बघ." सूज येऊ नये म्हणून पायात घालतात ते घट्ट स्टॉकिंग उतरवलं तर बायपाससाठी जिथून शीर काढली होती त्या जागी टाक्यांच्या मधून पू येत होता, आजूबाजूला लाल आणि हात लावला तर गरम. तीन दिवस आम्ही कोणी ते स्टॉकिंग पूर्ण काढून बघितलंच नव्हतं.

पुढचे सहा आठवडे मी ती जखम रोज बघितली आणि सर्जन, ड्रेसिंगच्या सिस्टर, हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर सगळ्यांना विचारून विचारून जे समजलं ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

आधी हे समजून घ्या की इन्फेक्शन शिरतं कुठून. हार्टच्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात, ही एक जखम. बायपासला पायातली शीर काढतात, कधी हातातली रक्तवाहिनी, ती दुसरी. मग व्हेंटिलेटरची नळी घशातून, मानेत सेंट्रल लाईन म्हणजे मोठ्या शिरेत औषधं द्यायची नळी, लघवीची नळी, छातीतून रक्त-पाणी बाहेर काढणारे ड्रेन. म्हणजे एका माणसाच्या अंगात इतके रस्ते एकाच वेळी उघडे, वर डायबेटीस असेल तर शरीराची लढायची ताकद कमी. हाडापर्यंत खोल जाणारं इन्फेक्शन साधारण शंभरात एक-दोघांनाच होतं पण झालं तर जखम परत उघडावी लागते आणि जीवावर बेतू शकतं. पायाच्या जखमेचं त्यामानाने बरंच कॉमन आहे, आणि तिकडेच लक्ष कमी.

तारीख ठरल्यापासून ॲडमिट होईपर्यंत

इमर्जन्सी असेल तर हा भाग सोडून द्या, तेव्हा वेळच नसतो. पण डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे दिले असतील तर ते सोन्यासारखे आहेत.

सगळ्यात आधी शुगर. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ती वाढलेली असेल तर जखम भरायला त्रास होतो आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. ऑपरेशन थांबू शकत असेल तर आधी शुगर खाली आणू म्हणणारे सर्जन असतात, अशा वेळी "डॉक्टर उगाच लांबवतायत" असं घरात कोणी म्हणू नका. सिगरेट, बिडी, मिश्री जे काही असेल ते बंद, निदान चार आठवडे आधी तरी, कारण धूम्रपानाने फुप्फुसं आणि जखम दोन्ही बिघडतं. दात दाखवून घ्या, विशेषतः व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर नक्कीच, किडलेल्या दातातले जंतू रक्तातून जाऊन नवीन व्हॉल्व्हवर बसू शकतात आणि ते फार वाईट इन्फेक्शन असतं.

अंगावर कुठे फोड, नखुरडं, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, ब्रेस्टखाली घामाने आलेला चट्टा असं काहीही असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगायचं. आपल्याकडे पावसाळ्यात हे सर्रास असतं आणि बायका तर सांगतच नाहीत. आईने पण सांगितलं नव्हतं, ॲडमिशनच्या आदल्या दिवशी मीच बघितलं.

मग नाक. हो, नाक. स्टॅफ नावाचा जंतू चांगल्या धडधाकट माणसांच्या पण नाकात राहतो, काही करत नाही, पण ऑपरेशननंतर तोच जखमेत सापडतो. म्हणून काही ठिकाणी नाकातला स्वॅब घेतात आणि स्टॅफ निघाला तर म्युपिरोसिनचं मलम नाकात लावायला देतात, सोबत क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची आंघोळ. तुमच्याकडे करत असतील तर पूर्ण करा, नसतील करत तर एकदा विचारा, "डॉक्टर, नाकाचा स्वॅब करायचा का?" एवढंच. विचारल्याने कोणी रागावत नाही.

आंघोळ म्हणजे आदल्या रात्री आणि सकाळी, काखा, बेंबी, जांघा, ब्रेस्टखाली सगळीकडे नीट साबण लावून, क्लोरहेक्सिडीन दिलं असेल तर ते डोळ्यात आणि कानात जाऊ द्यायचं नाही, आणि आंघोळ झाल्यावर तेल, पावडर, क्रीम काहीही नको. धुतलेले कपडे, धुतलेला टॉवेल.

केसांचं फार महत्त्वाचं आहे. घरी न्हाव्याला बोलावून किंवा स्वतः रेझरने छाती-पाय साफ करून जाऊ नका. रेझरने कातडीला बारीक बारीक काप पडतात, दिसत पण नाहीत, त्यात जंतू शिरतात. डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे की केस काढूच नयेत, काढायचे असतील तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने. वॉर्डमध्ये कोणी रेझर घेऊन आलं तर शांतपणे विचारा, "दादा, क्लिपर आहे का?"

आणि सर्जनला भेटाल तेव्हा हे पण विचारा की पायातली शीर कशी काढणार. एक पद्धत पूर्ण लांब काप घेऊन, दुसरी दुर्बिणीने लहान लहान छिद्रांतून. दुर्बिणीने केलं तर पायाच्या जखमेची इन्फेक्शन्स कमी होतात, पण सगळीकडे सोय नसते आणि खर्च वाढतो. आमच्या आईला घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत लांब काप होता. आम्ही विचारलंच नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

हॉस्पिटल निवडायची संधी असेल तर एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणारी संस्था, तिचं मानांकन आहे का बघा, इन्फेक्शन कंट्रोलसाठी वेगळी सिस्टर आहे का विचारा, आणि बायपासनंतर तुमच्याकडे किती जणांना इन्फेक्शन होतं हे पण विचारा. आकडा कितीही असो, ते मोकळेपणाने बोलतात की विषय बदलतात त्यावरून बरंच कळतं.

आयसीयूमध्ये आपल्या हातात काय असतं

पहिले दोन-तीन दिवस आपल्याला पाच-दहा मिनिटं आत सोडतात. त्या पाच मिनिटांत आपण दोन गोष्टी करू शकतो, हात स्वच्छ ठेवणं आणि नळ्यांबद्दल विचारणं.

हात म्हणजे नुसतं सॅनिटायझरचा एक थेंब चोळून आत घुसणं नाही. हात पूर्ण ओले होतील इतकं घ्यायचं आणि २० ते ३० सेकंद चोळायचं, बोटांच्या मधे, अंगठा, नखांची टोकं, मनगट. घाण दिसत असेल तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधीच काढून पर्समध्ये. मी पहिल्या दिवशी हातात हिरव्या बांगड्या घालून गेले होते, श्रावण होता ना, सिस्टरनी दारातच थांबवलं आणि बरोबरच केलं. मोबाईल आत नेऊ नका, आपण लोकलमध्ये तोच हात लावून उभे असतो. पेशंटला जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर अवलंबून राहू नका, सी डिफ नावाचा एक जंतू असतो त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच लागतं.

डॉक्टर किंवा सिस्टरने हात न धुता आईला हात लावला तर काय करायचं? मला पण फार अवघड वाटायचं. मग मी एक वाक्य ठरवून टाकलं, "सिस्टर, सॅनिटायझर देऊ का?" असं म्हणून बाटली पुढे करायची. कोणालाही वाईट वाटलं नाही, एक सिनियर डॉक्टर तर थँक्यू म्हणाले. हे सांगायला भीती वाटते कारण आपला माणूस त्यांच्या हातात असतो, मला समजतं, पण आवाज नीट ठेवून सांगितलं तर लोकं ऐकतात.

आता नळ्या. रोज सकाळच्या राऊंडला एकच प्रश्न विचारायचा, "आज कुठली नळी निघेल?" नळी जितके दिवस जास्त तितका इन्फेक्शनचा धोका जास्त, हे साधं गणित आहे. लघवीची नळी बहुतेकदा एक-दोन दिवसांत निघते, मानेतली लाईन औषधं चालू असेपर्यंत लागते पण मग ती "राहू दे अजून" म्हणून राहायला नको. कधी कधी खरंच गरज असते, डॉक्टर कारण सांगतील, ठीक आहे. पण विचारल्याने त्या नळीची रोज आठवण होते.

लघवीची पिशवी नेहमी पोटाच्या खाली लटकलेली हवी आणि जमिनीला टेकायला नको. एक्स-रेला नेताना व्हीलचेअरवर ती पिशवी पेशंटच्या मांडीवर ठेवून देतात, मग पिशवीतली लघवी उलटी आत जाऊ शकते. मी दोनदा स्वतः मावशींना सांगून खाली लटकवायला लावली.

व्हेंटिलेटरवर असताना बेडची डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, सपाट झोपवलेलं दिसलं तर विचारा, बीपीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने मुद्दाम ठेवलं असेल तर ते सांगतील. नळी निघाल्यावर मात्र आपलं काम चालू होतं. तो तीन बॉलचा स्पायरोमीटर देतात ना, तो शोभेला नाही. जागं असताना दर तासाला दहा वेळा. खोल श्वास घेतला नाही तर फुप्फुसाच्या खालच्या भागात कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. आईला दुखायचं म्हणून ती टाळायची, मग आम्ही उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकवलं, आणि स्पायरोमीटरच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी मिळेल असं सिस्टरशी बोलून घेतलं. दात रोज ब्रशने घासायचे, तोंडातली घाण फुप्फुसात उतरते. आणि फिजिओथेरपिस्ट उठवायला आले की "आज नको, दमलीय" असं आपण म्हणायचं नाही.

शुगरचं इथे परत येतं. ऑपरेशननंतर डायबेटीस नसलेल्यांची पण शुगर वाढते, आयसीयूत इन्शुलिनचं ड्रिप लावून ती १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. इन्शुलिन चालू केलं म्हणून घाबरू नका आणि "आईला इन्शुलिनची सवय लागेल" म्हणून भांडू तर अजिबात नका.

अँटिबायोटिकबद्दल एक गैरसमज आमच्याकडे पण होता. ऑपरेशनच्या आधी, काप घ्यायच्या तासाभरात, एक अँटिबायोटिक देतात आणि पुढे एक ते दोन दिवसांत ते बंद करतात. मामा म्हणायला लागले की इतक्या मोठ्या ऑपरेशनला दोनच दिवस औषध, निदान दहा दिवस स्ट्राँग द्यायला सांग. असं करून इन्फेक्शन कमी होत नाही, उलट साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे राहतात. आपल्या देशात आयसीयूमधले क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे जंतू भारी भारी औषधांना पण जुमानत नाहीत, म्हणूनच उगाच औषध मागू नये.

भेटायला येणाऱ्यांशी तुम्हालाच वाईट व्हावं लागेल. सर्दी, खोकला, ताप, जुलाब, अंगावर पुरळ असं काहीही असेल तर येऊ नका असा सरळ मेसेज फॅमिली ग्रुपवर टाका. बेडवर बसायचं नाही, जखमेवरचं ड्रेसिंग उचलून "बघू किती कापलंय" करायचं नाही. कुलदेवीचा अंगारा आणला तर कपाळाला लावा, श्रद्धा आहे, मी पण लावला, पण छातीच्या टाक्यांजवळ नाही.

घरी आल्यावर, हाच भाग सगळ्यात मोठा

हॉस्पिटलमधून निघताना लोकांना वाटतं संपलं. जखमेची बरीच इन्फेक्शन्स घरी आल्यावरच दिसतात, महिन्याभरात, आणि खोलवरची तर तीन महिन्यांपर्यंत कधीही. डिस्चार्जच्या दिवशी गडबड असते, बिल, इन्शुरन्स, औषधं, तरी सिस्टरना थांबवून तिन्ही गोष्टी करून घ्या: सगळ्या जखमा उघडून दाखवायला सांगा, पाय पूर्ण, ड्रेन काढलेल्या जागा पण. प्रत्येकीचा फोटो काढा. आणि शंका आली तर रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या.

मग घरी रोज ठरलेल्या वेळी, त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात फोटो. मी हे पाय बिघडल्यावर चालू केलं, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की लाली वाढलीय का ते लगेच कळतं, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. लाल भाग दिसला तर त्याच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर फोन. स्टॉकिंग रोज पूर्ण उतरवायचं, घोट्यापासून मांडीपर्यंत बघायचं, मगच परत चढवायचं. बसताना पाय खाली लोंबकळत ठेवायचा नाही, स्टूल आणि उशीवर वर, सूज असेल तर टाके ताणले जातात आणि पाणी सुटतं.

डॉक्टरांनी आंघोळीला हो म्हटल्यावर साधा साबण, कोमट पाणी, जखमेवरून पाणी जाऊ द्यायचं, घासायचं नाही, आणि वेगळ्या स्वच्छ टॉवेलने टिपून घ्यायचं. आपल्याकडे पावसाळ्यात टॉवेल वाळतच नाहीत, दमट वासाचा टॉवेल जखमेला लावू नका, मी इस्त्री करून वापरायचे. हळद, तूप, खोबरेल, पावडर, शेजारच्या काकूंचं मलम, काही नाही. बीटाडीन पण मनाने नाही.

बायकांसाठी एक गोष्ट जी आम्हाला कोणीच आधी सांगितली नाही. ब्रेस्टच्या वजनाने छातीची जखम खाली आणि बाजूला ओढली जाते, त्यामुळे पुढून उघडणारी, मऊ, आधार देणारी ब्रा लवकरात लवकर घालायची असते, तार नसलेली. ब्रेस्टखालची घडी कोरडी ठेवायची, तिथे मऊ सुती कापड ठेवायचं, दिवसातून दोन-तीनदा बदलायचं. साडीपेक्षा पुढून बटणं असलेला गाऊन बरा. आणि मंगळसूत्र. आईने घरी आल्या आल्या मागितलं आणि ते बरोबर टाक्यांवर लोंबकळायचं, मणी घासायचे. तिला नाही म्हणताना मला रडू आलं होतं. शेवटी सर्जननीच तिला सांगितलं की मावशी, जखम पूर्ण भरेपर्यंत देवाजवळ ठेवा, तेव्हा ऐकलं.

छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. ते हललं तर इन्फेक्शनला पण वाव मिळतो. म्हणून बादली, कुकर, गॅसचा सिलिंडर, नातवंडं काहीही उचलायचं नाही, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडसारख्या खड्ड्यांतून रिक्षाने चेकअपला नेऊ नका, कार करा आणि छातीशी उशी द्या.

खाणं. आपल्याकडे पेशंट म्हटलं की पेज, मुगाची पातळ खिचडी आणि साबुदाणा. जखम भरायला प्रोटीन लागतं, डाळ घट्ट हवी, पनीर, दही, अंडं, मासे, जे चालतं ते. किडनीचा त्रास असेल तर मात्र डायटिशियनला विचारूनच. आणि गोड. गणपतीत आईने "एकच मोदक" असं करत दिवसभरात किती खाल्ले देव जाणे, रात्री शुगर ३१० आली. तो मोदक मीच वाढला होता. आणि घरात इतके पाहुणे असताना तिला आतल्या खोलीत ठेवून दार बंद करायला हवं होतं, लोकांनी बाप्पाचं दर्शन घेऊन बाहेरच चहा प्यायला हवा होता. मला ते जमलं नाही, तुम्ही जमवा.

घरी ड्रेसिंगला कोणी येत असेल तर समोर उभं राहून बघा. आमच्याकडे जो यायचा तो गेटपासून दारापर्यंत सगळ्याला हात लावून त्याच हातांनी ग्लोव्ह्ज घालायचा आणि त्याच ग्लोव्ह्जने जुनं काढून नवीन लावायचा. जुनं काढल्यावर ग्लोव्ह्ज टाकायचे, हात परत साफ, नवीन ग्लोव्ह्ज, मग नवीन ड्रेसिंग. आम्ही माणूस बदलला.

फोन कधी करायचा

ताप १००.४ च्या वर, लाली किंवा सूज वाढतेय, पू किंवा वास, टाके उघडलेत, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, थंडी वाजून येतेय, शुगर अचानक कारण नसताना वर जातेय, पेशंट गोंधळल्यासारखं बोलतोय. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. आणि छातीतून पाणी येतंय किंवा हलताना हाड कट् कट् वाजतंय असं झालं तर ताप नसला तरी लगेच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. डायबेटीसवाल्यांना कधी कधी ताप येतच नाही, आईला पण नव्हता.

पहिला फोन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या टीमला. पावसाळ्यात इकडे ताप आला की डेंग्यू, मलेरियाची टेस्ट होतेच, ती करा, पण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू करून बसू नका. आधी पू किंवा रक्ताचं कल्चर, म्हणजे कुठला जंतू आहे ते शोधायची टेस्ट, मग औषध. आधीच गोळ्या चालू असल्या तर कल्चरमध्ये जंतू बरेचदा सापडत नाही आणि मग अंदाजाने भारी औषधं द्यावी लागतात. आईच्या पायाच्या पुवात स्टॅफ निघाला, साध्या औषधाला दाद देणारा, म्हणून वाचलो. जखम थोडी उघडून साफ केली आणि एक दिवसाआड ड्रेसिंग.

व्हॉल्व्ह बदललेल्यांनी हे कायमचं लक्षात ठेवायचं, पुढे दहा वर्षांनी दात काढायचा असला तरी डेंटिस्टला आधी सांगायचं, ते अँटिबायोटिक देतात. आणि न समजणारा ताप बरेच दिवस राहिला, वजन उतरलं, रात्री घाम येतोय तर डॉक्टरांना हार्टच्या ऑपरेशनची आठवण करून द्या. ऑपरेशनच्या वेळी रक्ताचं तापमान कमी-जास्त करायला जे मशीन असतं त्याच्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम कायमेरा नावाचा जंतू काही देशांतल्या पेशंट्सना लागल्याचं उघड झालं होतं, फार क्वचित होतं पण दिसायला महिने ते वर्षं लागतात, म्हणून जुनं ऑपरेशन सांगणं महत्त्वाचं.

एक शेवटचं काम, कागद. डिस्चार्ज कार्ड, कुठली शीर कुठून काढली, कुठलं अँटिबायोटिक कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि कल्चरचा रिपोर्ट, सगळ्याचे फोटो निदान दोन माणसांच्या फोनमध्ये हवेत. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीमध्ये पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि आमची फाईल त्या रात्री कोपरीच्या कपाटात होती आणि किल्ली आईच्या पर्समध्ये.